सोळावा भाग पाहिलेला माणूस

बँकेत मधुसूदन चांदोरकरांना कुणी फारसं विचारत नसे. पंचवीस वर्षं नोकरी झाली, पद वाढलं, टेबल मोठं झालं, पण शाखेत नवीन आलेली पोरंसुद्धा सही घेऊन झाली की 'थँक्यू सर' म्हणून पाठ फिरवत. घरी मुलगा पुण्याला गेल्यापासून बोलायला फक्त बायको, अनघावहिनी, आणि त्यांना मधुसूदनरावांचं सगळं बोलणं आधीच पाठ झालेलं. मात्र महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकरा ते एक, हिंदी मुलखातल्या आपल्या निशातगंजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मधुसूदनराव राजे असत.

कारण त्यांच्याकडे ती सोळा पुस्तकं होती. १९८६ साली टीव्हीवर 'अगस्त्य की उड़ान' नावाची हिंदी मालिका लागायची. रविवारी सकाळी अर्धा तास, सोळा भाग. पुठ्ठ्याचं यान, चंदेरी कागद चिकटवलेल्या भिंती, आणि त्यात बसून ताऱ्यांकडे निघालेली सहा माणसं. प्रत्येक भागावर एक पॉकेट बुक निघालं होतं आणि ते चारबाग स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळायचं. मालिका बनवणारी कंपनी पुढे बुडाली. पंधरा भाग कुणाकुणाच्या जुन्या कॅसेटवरून इंटरनेटवर आले, पण सोळावा, शेवटचा, कुठेच नव्हता. त्याची टेप पुसली गेली म्हणे. उरलं ते पुस्तक, आणि त्याची रविवारी जमणाऱ्या मंडळींना ठाऊक असलेली एकच प्रत मधुसूदनरावांच्या कपाटात, बँकेच्या कॅलेंडरचा कागद घालून ठेवलेली.

आठ वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत गप्पा निघाल्या आणि त्यातून ही मंडळी जमली. शाळेत शिकवणाऱ्या कांचनताई, सॉफ्टवेअरवाला विपुल, आणखी दोघं-तिघं. दर महिन्याला एक पुस्तक मोठ्याने वाचायचं, भाग लावून बघायचा आणि भांडायचं. पुस्तकात काय जास्त, पडद्यावर काय कमी, लेखकाने कुणाच्या तोंडी कुठलं वाक्य घुसडलं. सोळाव्याची पाळी मात्र वेगळी. तेव्हा पुस्तक मिटलेलं असे. मधुसूदनराव ते नुसतं मांडीवर ठेवत, चष्मा काढत आणि सांगू लागत. बघायला भाग नाही, पण बघितलेला माणूस आहे ना! सगळ्यांत तो एकच होता. पुस्तक कुणाच्या हाती देत नसत. पानं पिवळी पडलीत, मोडतील, असं म्हणत.

शेवटी ते शंभू मिस्त्रीवर येत. यानाचा म्हातारा मेकॅनिक. यान वाचवायला कुणीतरी मागे राहून बाहेरून दार लावायला हवं, आणि तो राहतो. "त्याने दार ओढलं," मधुसूदनराव आवाज खाली आणून म्हणत, "आणि फटीतून त्याचे डोळे दिसले. भरलेले. पण हसत होता." कांचनताई दरवेळी डोळे टिपत. विपुल म्हणे, "अंकल, आप तो चलता-फिरता आर्काइव हो यार." त्या एका वाक्यावर मधुसूदनरावांचे पुढचे चार महिने छान जात.

बाराव्या पुस्तकाच्या वेळी धैर्यशील जाधव आला.

हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला, मूळचा कोल्हापूरकडचा, साठीचा गडी. लेकाची नोकरी इथली म्हणून शहराच्या टोकाला सरोजिनी नगरात घर घेतलेलं. दारातूनच "वहिनी, चहाचा वास लई झकास येतोय बघा" म्हणाला आणि अनघावहिनी मनापासून हसल्या. मधुसूदनरावांनी ते हसणं मोजलं. स्वतःच्या घरात स्वतःच्या बायकोला असं हसताना त्यांनी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्यांना आठवेना.

आणि मग तो माणूस बोलायला लागला. सगळी मालिका त्याने पाहिली होती, तीही लागत होती तेव्हा, जोधपूरला, जवानांच्या हॉलमध्ये. "दीडशे माणूस हो! खुर्च्या पंचवीस. बाकी सगळी जमिनीवर. यान हललं की मागनं कुणीतरी ओरडायचं, अरं पुठ्ठा धर, पुठ्ठा!" विपुल हसून लोळला. पुढच्या महिन्यात तर त्याने आत येताच विचारलं, "जाधव अंकल आए क्या?" आणि ज्या वेताच्या मोड्यावर मधुसूदनराव बसत त्याच्याकडे पाठ करून तो धैर्यशीलसमोर फतकल मारून बसला.

मधुसूदनरावांच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. नुसतं दुखलं नाही, आग पडली. ऑफिसात फाइल उघडली की जोधपूरचा तो हॉल दिसे. दीडशे माणसं! ह्या माणसाला काय कमी होतं? रुबाबदार मिशी होती, पेन्शन होती, लेक-सून जवळ होती. एवढं सगळं असताना वर हेही हवं कशाला? रात्री जेवताना ते म्हणाले, "जरा जास्तच बोलतो नाही का तो?" अनघावहिनी म्हणाल्या, "खरं बोलतो पण. ऐकायला बरं वाटतं." मधुसूदनरावांनी ताटात अर्धी पोळी तशीच टाकली.

फेब्रुवारीत सोळाव्याची पाळी आली. मंडळाच्या वार्षिक अंकात त्या भागाची हकीकत छापायची ठरली होती, 'प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या शब्दांत', म्हणून विपुलने फोन रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला. मधुसूदनरावांनी नवा झब्बा घातला होता. पुस्तक मांडीवर, चष्मा हातात. त्या दिवशी त्यांनी असं सांगितलं की कांचनताई आधीच रडायला लागल्या.

"...आणि फटीतून त्याचे डोळे दिसले. भरलेले."

"डोळे?" धैर्यशील म्हणाला. "कुणाचे, शंभू मिस्त्रीचे?"

"मग कुणाचे?"

"अहो साहेब, त्या भागात तो नव्हताच की. म्हणजे दिसला नाही. फक्त आवाज आला, स्पीकरमधनं. कॅमेरा त्याच्या खुर्चीवर. रिकामी खुर्ची, तिच्यावर त्याचा तो मफलर. नट आजारी होता म्हणे, म्हणून तसं केलं. पण काय सांगू, हॉल असा गार पडला! माझ्याशेजारी माणिक होता, आमच्याच गावचा. तो म्हणाला, 'धैर्या, मिस्त्री कुठं गेला रं?' एवढंच. दीडशे माणसांत तेवढाच आवाज."

हे असं कुणाला सुचणार नाही, हे मधुसूदनरावांना लगेच कळलं. बसून रचता येतात ते डोळे. मफलर रचता येत नाही. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"धैर्यशीलराव, चाळीस वर्षं झाली. तुमची गल्लत होतेय. पंधराव्या भागात आहे रिकामी खुर्ची."

"पंधराव्यात कप्तानाची खुर्ची हाय. ही मिस्त्रीची—"

"मी पाहिलंय ना!" मधुसूदनराव कडाडले. "आठ वर्षं सांगतोय ह्यांना. एक शब्द कधी बदलला का मी? विचारा!"

नव्हता बदललेला. कांचनताईंनी तशी साक्ष दिली. विपुल चुळबुळत म्हणाला, "अंकल का वर्जन तो हमेशा सेम रहा है। शायद जाधव अंकल कन्फ्यूज हो रहे हैं।" धैर्यशीलने एकेकाकडे पाहिलं. मग मिशीवरून हात फिरवून हळूच म्हणाला, "असंल. वय झालं आता. माझंच चुकलं असंल." आणि चहा न घेताच निघाला. मफलरचा विषय रेकॉर्डिंगमधून काढून टाकायचं ठरलं.

मधुसूदनराव जिंकले. मंडळी गेल्यावर ते गुणगुणत कपाटाशी गेले, पुस्तक ठेवायला, आणि ठेवण्याआधी कधी नव्हे ते त्यांनी पहिलं पान उघडलं. नावाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: 'मार्च १९८६ की पटकथा पर आधारित'. शेवटचा भाग लागला मेच्या मध्यात. म्हणजे नट आजारी पडायच्या आधीच पुस्तक लिहून झालं होतं. ते भरलेले डोळे फक्त कागदावर होते. पडद्यावर ते कधी आलेच नव्हते.

अनघावहिनी कप उचलत होत्या. त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या, "जाधवांना असं हाकलायला नको होतं."

"मी हाकललं? चुकीचं सांगत होते ते."

"तुम्हाला काय माहीत?" त्यांनी कप खाली ठेवले. "अहो, आईंनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मला. जिन्याचं."

मधुसूदनराव बसले तसेच कपाटाला टेकून.

तेव्हा चांदोरकर चारबागमागे मिश्राजींच्या घरात वर भाड्याने राहत. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून. टीव्ही खाली मिश्राजींकडे. गल्लीतली सगळी पोरं तिथे सतरंजीवर बसून 'उड़ान' बघायची आणि बारा वर्षांचा मधू सगळ्यांत पुढे. शेवटच्या रविवारी मिश्राजींच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. "आज नहीं, बेटा," मिश्राजींच्या पत्नी, मिश्राइन, म्हणाल्या आणि दार लावलं. इतर पोरं दुसऱ्या घरांकडे धावली. मधू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिला, उघडतील म्हणून. आतून शीर्षकाचं संगीत आलं. मग कुणीतरी आवाज बारीक केला.

त्याच आठवड्यात सगळे सुट्टीला वाईला निघाले. चारबागच्या स्टॉलवर सोळावं पुस्तक आलं होतं, आईने घेऊन दिलं, आणि गाडीत त्याने ते चारदा वाचलं. वाईला चुलतभावांकडे टीव्ही नव्हता. त्यांनी विचारलं, शेवट पाहिलास? मधू म्हणाला, पाहिला. पाच जण तोंड उघडं टाकून ऐकत होते. पुढे इतक्यांदा सांगितलं की त्यालाच खरं वाटायला लागलं. खोटं बोलतोय असं गेल्या तीस वर्षांत त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मधुसूदनरावांनी विचारलं.

"कुणाचं काही बिघडत नव्हतं," अनघावहिनी म्हणाल्या. "आज बिघडलं."

तो आठवडा फार वाईट गेला. मधुसूदनरावांना लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा हेवाच जास्त वाटत होता. तो माणूस हॉलमध्ये बसला होता आणि आपण जिन्यावर. त्याच्या तोंडावर कुणी दार लावलं नाही. आणि वर त्याला त्याची किंमतही नाही. 'असंल' म्हणून सोडून देतो! आपल्याकडे असतं ते, तर जीव गेला तरी सोडलं नसतं. असलं काय काय मनात आणत पुढच्या रविवारी ते स्कूटर काढून कानपूर रोडने सरोजिनी नगरला गेले. पिशवीत सोळावं पुस्तक होतं.

धैर्यशील अंगणात बसला होता. मिशी तीच, पण माणूस उतरलेला दिसला. "या साहेब," म्हणाला, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

"त्या दिवशीचं..." मधुसूदनरावांनी सुरुवात केली.

"नाही नाही, बरोबर होता तुम्ही. मी दोन जुन्या दोस्तांना फोन लावला. एकाला मालिकाच आठवत नाही, दुसरा आता नाही. मग मलाच वाटायला लागलं. माणिक त्याच साली गेला, ऑगस्टात, गाडी उलटून. त्याचा पलंग माझ्या शेजारी होता, कितीतरी दिवस रिकामा. मला वाटतं ते मी मालिकेत घुसडलं असंल, मनानं. म्हणजे माणिकचं ते बोलणंबी... ते तरी तो बोलला का नाही, देव जाणे. चाळीस वर्षं जपलं हो मी ते. त्याचं शेवटचं म्हणून दुसरं काही आठवत नाही मला."

मधुसूदनरावांना परत जावंसं वाटलं. एक शब्द न बोलता स्कूटरला किक मारली असती, तर ते उरलेल्या आयुष्यात मंडळीतले तो भाग पाहिलेले एकमेव राहिले असते. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं आणि धैर्यशीलच्या हातात दिलं. पहिल्यांदाच ते दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं.

"मार्चला लिहिलंय हे. शूटिंगच्या आधी. ते डोळे ह्यातले आहेत, भागातले नाहीत. मी..." त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "मी तो भाग पाहिलेला नाही, धैर्यशीलराव. कधीच नाही. तुमचा माणिक बोलला होता. खुर्ची रिकामीच असणार. विपुलला मी सांगतो, सगळ्यांना सांगतो."

धैर्यशीलने पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्याने डोळे मिटले, आणि त्याचे ओठ हलले तेव्हा मधुसूदनरावांना वाटलं आता शिवी येणार. ती आली असती तर त्यांनी घेतली असती.

"आठवडाभर जेवण गेलं नाही मला," धैर्यशील म्हणाला. मग घरात वळून हाक मारली, "सूनबाई, दोन चहा टाका." आणि खुर्ची पुढे सरकवली.

मधुसूदनराव बसले. समोरच्या माणसाचा हेवा अजून तसूभरही कमी झाला नव्हता. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि जमिनीकडे बघत म्हणाले,

"सांगाल का मला? शीर्षकाच्या संगीतापुढून सांगा. तिथपर्यंत मी ऐकलंय."