महादेवापुढे अडलेली पाठ

त्या वर्षी महादेवाकडेही मी भाव करायलाच गेलो होतो. मुलगी विरारच्या कॉलेजात कबड्डी खेळायची. आदल्या वर्षी निवड करणाऱ्यांनी तिला डावलून भलत्याच मुलीला विद्यापीठाच्या संघात घेतलं, आणि तो डंख मी वर्षभर जपला होता. सायकलवर केळी विकून उभा राहिलेला माणूस मी. हक्काचं कुणी हिसकावलं की अन्न गोड लागत नाही. निवडीच्या दिवशी सकाळीच आगाशीच्या देवळात जाऊन म्हणालो, "पोरीला संघात घे, वाडीतला केळीचा पहिला घड तुझा."

बोलून वाकलो आणि पाठ धरली. जुनंच दुखणं, पण असं कधी नाही. कपाळ फरशीला टेकलेलं, उठता येईना. मागून एक बाई म्हणाली, "उठ रे दादा! एवडा वेल कोन वाकतो? देव पन घाबरला असंल." मासळीची रिकामी टोपली काखोटीला मारून तिने मला उठवलं, बाजारातल्या औषधाच्या दुकानापर्यंत आधार देत नेलं. नाव विचारायला वळलो, तर ती गर्दीत दिसेनाशी झाली होती.

दुकानदाराकडे पाठदुखीच्या नेहमीच्या गोळ्या मागितल्या. तो चकित झाला. "काका, तुमच्या मुलीने परवाच नेल्या की! दर आठवड्याला नेते तुमच्यासाठी."

महिनाभर मी एकही गोळी घेतली नव्हती. त्या कडक गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नसत. पण दर वेळी फी कशाला भरायची, म्हणून जुन्याच चिठ्ठीवर द्यायला याच दुकानदाराला मी हुज्जत घालून राजी केलं होतं. ती चिठ्ठी आता पोरगी वापरत होती. तिची थरथरणारी बोटं, चिडचिड, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

रिक्षाने मैदान गाठलं. गुडघा बांधून ती उतरायच्या तयारीत होती. विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाली, "गोळीशिवाय उभं राहवत नाही, बाबा. आजची निवड होऊ द्या, मग सोडते."

हुबेहूब माझाच सौदा. तासाभरापूर्वी देवापुढे मी तेच केलं होतं. माझा राग साऱ्या बाजाराला ठाऊक. त्या दिवशी मात्र न रागावता तिचा हात धरून मैदानाबाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक सामना खेळली असती तर गुडघा कायमचा गेला असता. गोळ्या सुटायला मात्र कित्येक महिने लागले.

ती बाई पुन्हा भेटली नाही. बाजारात पुष्कळ शोधलं. निवड करणाऱ्यांवरचा राग अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला सांगू? पण पहिला घड मी देवळात नेला. पुजारी म्हणाले, "नवस फळला वाटतं!"

"नाही फळला," म्हटलं, "म्हणूनच आणलाय."

आणि वाकलो. काही मागितलं नाही. त्याला वाटेल तेव्हा तो उठवील, असं मनाशी म्हणत तसाच राहिलो.