म्हसळ्याला काळं पडलेलं तिकीट

दिघीच्या धक्क्यावर खिडकीत बसून मी वीसेक वर्षं आगरदांड्याच्या फेरीबोटीची तिकिटं दिली. शिक्षण चौथी. आधी कार्बनची वही होती. कोळणींच्या ओल्या हातात अक्षर पसरायचं, माझीपण बोटं निळी. मग हातातलं छोटं मशीन आलं. त्याला शाई न्हाय, रिबीन न्हाय. कागदच तापून काळा होतो. पाणी लागलं तरी अक्षर हलत न्हाय, रांग झटकन सरते. रोल घालताना कागदावर नख ओढायचं, काळी रेघ उठली की ती छापायची बाजू. मला ते मशीन आवडायचं, खोटं कशाला बोलू.

बायको अलिबागला दवाखान्यात निघाली, तिची बहीण सोबत होती. बदली माणूस न्हवता म्हणून मी खिडकी सोडली न्हाय. दोन दिवसांत येईल असं वाटलं.

"बायकोलापण तिकीट फाडता व्हय?" खिडकीशी येऊन म्हणाली.

"फाडत न्हाय. मशीन काढतं."

"काढा मग. जपून ठेवते. नवऱ्यानं एवढं तरी दिलं."

मागची माणसं हसली. मीपण हसलो. चौथ्या दिवशी तिला झाकून आणली.

तिच्या पानाच्या डबीत ते तिकीट सापडलं. माझ्या हातून तिनं घेतलेली शेवटची वस्तू. पण अक्षर फिकं होत चाललं. या कागदाला ऊन, तेल, नुसते दिवससुद्धा पुरतात. पुसून जायच्या आत प्लास्टिकात बसवून घ्यावं म्हणून म्हसळ्याला झेरॉक्सच्या दुकानात गेलो.

दुकानातली बाई म्हणाली, "काका, आधी झेरॉक्स काढू का?"

"नक्कल नको. हेच पायजे."

तिनं मशीनमधे सरकवलं. पलीकडून निघालं ते सगळं कोळशासारखं काळं. एक अक्षर दिसेना. बाई रडवेली झाली.

"काका, मला म्हायती न्हवतं ओ."

"तुला न्हवतं. मला व्हतं."

बोटीच्या तापल्या इंजिनावर तिकीट ठेवू नका, काळं पडेल, असं मीच लोकांवर खेकसायचो. प्लास्टिक चिकटवायचं मशीनपण तापतं, हे डोक्यात आलं न्हाय. जपायची घाई झाली.

घरी येऊन वही काढली, बॉलपेननं आठवेल तेवढं उतरवलं. दिघी ते आगरदांडा. माणूस एक. सकाळची दुसरी फेरी. वर बारीक अक्षरात वेळ असायची, नऊ वाजून काहीतरी. मिनिटं आठवत न्हाईत. तेवढी जागा कोरी सोडलीय.