नऊनंतर अकरा

हे मी लिहावं की नाही याची मला अजून खात्री नाही, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील गूळबाजारात हमाली करतात आणि सहीपुरतं लिहितात. आईला तेवढंही जमत नाही. शिवाय ज्या सामन्यामुळे हे सगळं झालं, तो झाला तेव्हा मी पाळण्यात होतो. फुटबॉल म्हणाल तर आमच्या पेठेत माझ्याइतका वाईट खेळणारा दुसरा सापडायचा नाही. तरी लिहितो, कारण या प्रकरणातली एक चूक माझी होती, आणि ती कशी झाली हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेपेठेत तालमी आहेत आणि तालमीतालमींचे फुटबॉलचे संघ. मोसम सुरू व्हायच्या आधी पूजेला खेळाडू तालमीत जमतात. मारुतीसमोर नव्या जर्सी मांडलेल्या असतात. ज्याची त्यानं आपल्या जर्सीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "यंदा हितंच." एवढाच शब्द. कागद नाही, सही नाही.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या संघाचा एक कप्तान होता. मधल्या फळीत खेळायचा. आमच्यापैकी कोणीही चेंडू मिळवला तरी तो पुढे जायचा त्याच्याच पायातून. त्यानं आम्हाला तीन वर्षांत तीन चषक मिळवून दिले. चौथ्या वर्षी त्यानं जर्सीवर हात ठेवला, "यंदा हितंच" म्हणाला, आणि पंधरा दिवसांत रस्त्यापलीकडच्या पेठेकडून खेळायला गेला. अंतिम सामना त्याच दोन पेठांचा झाला. एकच गोल झाला, तो त्यानंच केला, आमच्यावर.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवला गेला. आणि त्याची दहा नंबरची जर्सी परत कोणाला दिली नाही. आमच्या संघात आजही नऊ नंबरनंतर अकरा येतो. काहीजण म्हणतात, हा त्याचा मान आहे. काहीजण म्हणतात, राग आहे. ठरवणारे वारले, त्यामुळे विचारायची सोय नाही. त्याचं नावही पेठेत कोणी घेत नाही, नुसतं 'दहा नंबर' म्हणतात.

मी दोन वर्षांपूर्वी कुवेतला आलो. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत काम करणाऱ्या एका ठेकेदाराकडे कागदपत्रांच्या फायली सांभाळतो आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए.चं शेवटचं वर्ष करतो. आमच्या पेठेतले दहा-बारा लोक इथे आहेत. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा हवल्लीला अण्णांच्या फ्लॅटवर जमायचं, हा रिवाज माझ्या आधीपासूनचा. अण्णा बँकेत आहेत, कुटुंबासह राहतात, त्यामुळे त्यांचं घर ते आम्हा सगळ्यांचं घर.

एका शुक्रवारी अण्णांनी सांगितलं, तालमीचा अमृतमहोत्सव आहे, स्मरणिका निघणार आहे, त्यात कुवेतमधल्या आपल्या जुन्या खेळाडूंवर एक पान आपण द्यायचं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेज शिकतो म्हणजे लिहिता येतच असणार, असा त्यांचा समज.

कुवेतमध्ये आमच्या संघातून खेळलेले दोघेच होते. एक म्हणजे सगळेच ज्यांना मामा म्हणतात ते, त्या वेळचे गोलकीपर, आता वेल्डिंगचे फोरमन. अंतिम सामन्यातला तो गोल त्यांच्यावरच झाला होता. आणि दुसरा दहा नंबर. तो सुलैबियाला भाजीबाजाराच्या शीतगृहात कामाला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. अण्णांच्या घरी त्याला कोणी कधी बोलावलं नव्हतं.

ज्याच्यावर लिहायचं त्याच्याशी आधी बोलावं, असं आमच्या अभ्यासाच्या पुस्तकात आहे. मी ते फार मनावर घेतलं. कोणाला न सांगता, दोन बस बदलून सुलैबियाला गेलो.

बाहेर अंग भाजत होतं, आणि शीतगृहाच्या दारातून एक माणूस जाड जॅकेट घालून बाहेर आला. बाहेरच्या हवेनं त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. तो पुसता पुसता त्यानं विचारलं, "कुठलं गाव?"

मी पेठ सांगितली. तो थोडा वेळ चष्माच पुसत राहिला. मग आम्ही रिकाम्या क्रेटवर बसलो. मी वही काढली, पण प्रश्न तोच विचारत होता. मैदानावर आता गवत हाय काय. पावसात अजून खेळत्यात काय. मग म्हणाला, "दहा नंबर कोण घालतंय आता?"

"कोणीच नाही. तुमच्यानंतर दिलाच नाही कोणाला."

त्याला हे माहीत नव्हतं. वीस वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. "रागानं?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही, काका. दोन्ही बाजूंनी बोलतात."

तो का गेला, हे मी भीत भीत विचारलं. तो म्हणाला, "कारणं हुती. पर कारणं सगळ्यांकडंच असत्यात. बोललो हितं आन् खेळलो तितं, एवढं खरं." मग जरा थांबून म्हणाला, "म्हैनाअखेरीस कायमचा चाललोय. हितं ऱ्हायचा इकामा रद्द करायला दिलाय. घर अजून पेठेतच हाय, तालमीच्या दारावरनंच जावं लागतंय रोज. आत जाता येईल काय, एवढंच कळलं असतं तर बरं झालं असतं."

इथे माझी चूक झाली. मी म्हणालो, "येईल की. तालमीची स्मरणिका निघतेय, तिच्यात तुमचं नाव येणार आहे, फोटोसकट. मी शब्द देतो."

तो खोलीवर जाऊन एक फोटो घेऊन आला, कडा पिवळ्या पडलेला. अंगात दहा नंबरची जर्सी, हातात चषक, केस कपाळावर चिकटलेले. "एकच हाय," म्हणाला. "जपून."

परतीच्या बसमध्ये ते माझ्या लक्षात आलं. शब्द देणारा मी कोण होतो?

पुढच्या शुक्रवारी तांबडा रस्सा होता. चपात्या लाटायचा सगळ्यांनाच कंटाळा, म्हणून सोबत कोपऱ्यावरच्या दुकानातला खुबूस. जेवण होईपर्यंत अण्णांनी विषय काढला नाही. ताटं उचलल्यावर म्हणाले, "आता पानाचं बोला. दोन नावं आहेत. एकाबद्दल वाद नाही."

"दोन न्हाईत, एकच," मामा म्हणाले. "त्याचं छापायचं असंल तर माझं काढा."

शाळेची बस चालवणारे एक दादा आहेत, दहा नंबरचे जुने भक्त. ते लगेच उठून बसले. "मामा, तीन कप कुणी आणलं? तुम्ही तर जाळीला टेकून हुबा हुता."

"जाळीला टेकून? पाय मोडलाय माझा तवा."

"त्यो जिन्यावरनं पडून मोडला."

सगळे हसले. मामाही मिशीत हसले, पण लगेच गंभीर झाले. "मारुतीसमोर हात ठिवून बोलला त्यो. पंधरा दिसात पल्याड."

"पल्याड म्हंजे काय लंका हाय? चाळीस फुटी रस्ता हाय मधी."

"चाळीस फुटीच. म्हणून तर रोज दिसत हुता."

दादांनी मग दुसरीकडून धरलं. "बरं, मग नंबर मोकळा का ठिवलाय? मान म्हणूनच की."

"मान? घरात मयत झालं की त्या जागेवर काही दिस कुणी बसत न्हाई, तसं हाय ते."

"वीस वर्सं सुतक असतंय व्हय?"

अण्णा मध्ये पडले. "अरे, संघाचं काय होतंय ते बघा. दरवर्षी नवीन पोरं विचारतात, दहा नंबर का नाही. त्यांना सांगायला आपल्याकडे एक गोष्ट नाही, दोन आहेत, आणि दोन्ही अर्ध्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काय लिहिलंयस?"

माझ्या वहीत काहीच नव्हतं. मी खिशातून फोटो काढला आणि सतरंजीवर ठेवला. सुलैबियाला गेलो होतो हे सांगितलं. आणि शब्द दिल्याचंही सांगितलं. बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला की अण्णांनी "मोठ्यानं" म्हणून दोनदा सांगितलं.

"शब्द दिलास?" मामा म्हणाले. "कुणाच्या वतीनं?"

"पेठेच्या," मी म्हणालो. "चुकलं माझं, मामा. तुम्ही म्हणाल तर मी जाऊन फोटो परत करतो आणि त्यांना सांगतो की तो शब्द माझा एकट्याचा होता."

दादा काही म्हणणार होते, पण अण्णांनी त्यांना हातानं थांबवलं. मामांनी फोटो उचलला. दिव्याखाली धरून पाहिला. त्या फोटोत मागे, अर्धाच दिसणारा, हातमोजे घातलेला एक तरुण होता. ते मामाच आहेत हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

"पेठेत एकानं दिला म्हंजे सगळ्यांनी दिला," मामा शेवटी म्हणाले. कोणाकडेच बघत नव्हते. "त्यानं शब्द मोडला म्हणून वीस वर्सं बोलतोय मी. आता आपूणच मोडायचा? मग त्याच्यात आन् माझ्यात फरक तो काय?"

आत अण्णांची मुलगी तिच्या भावाशी इंग्रजीत भांडत होती.

"उघड वही, मास्तर," मामा म्हणाले. "मी सांगतो तसं लिही. गोड करू नगस आन् तिखट बी करू नगस. लिही, त्यानं आम्हाला तीन कप दिले. चौथ्या वर्षी शब्द देऊन तो गेला. फायनलला गोल त्यानं मारला आणि मी खाल्ला." इथे ते थांबले. "डाव्या पायानं, वीस यार्डावरनं. माझा हात पुरला न्हाई. पुरला नसताच कुणाचा. हे बी लिही."

दादा हळूच म्हणाले, "ह्येच मी मघापासनं म्हणतोय."

"तुम्ही गप बसा. तुम्ही स्टँडात हुता."

मी तसंच लिहिलं. माझ्या पानावरची तेवढीच वाक्यं चांगली आहेत, आणि ती माझी नाहीत. शेवटी मी एक ओळ घातली, की या माणसाला तालमीत यायचं आहे आणि तो दारात थांबून विचारतो आहे. अण्णांनी ती ठेवली. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, पहिली मामांनी.

पान आणि फोटोची प्रत तालमीच्या समितीकडे पाठवली. त्यानंतर दोन आठवडे काहीच नाही. अण्णांनी तालमीच्या चिटणीसांना फोन केला तर ते म्हणाले, बैठक झाली, पण बैठकीत एकमेकांच्या अंगावर जायची वेळ आली, म्हणून परत बोलावली आहे. मी सुलैबियाला गेलो आणि हे जसंच्या तसं सांगितलं. यावेळी शब्द दिला नाही. काका म्हणाले, "भांडत्यात म्हंजे आठवण हाय." त्यांनी बॅग बांधायला घेतली होती. मी फोटो परत देऊ लागलो तर म्हणाले, निकाल लागेपर्यंत तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे.

मामा त्यांना भेटायला गेले की नाही, हे मला माहीत नाही. एका शुक्रवारी ते आले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांकडे टोमॅटोचं एक क्रेट पोचलं, एवढं माहीत आहे.

काकांचं विमान शुक्रवारी होतं. गुरुवारी दुपारी मी कंटेनरमधल्या ऑफिसात फायली लावत होतो. बाहेर धूळ इतकी होती की खिडकीतून समोरची टाकी दिसत नव्हती. फोन वाजला. मामा होते.

"मास्तर, कागद घे," म्हणाले. "चिटणिसाचा निरोप आलाय, वाचून दावतो. लिहून घे आन् तूच सांग त्याला, शब्द तुझा हाय."

मी हातात होती त्याच फाइलच्या पाठीवर लिहायला लागलो.

"भिंतीवरचा खिळा हाय तिथंच हाय. फोटो येताना संगट आणा, कारण आमच्याकडचा गहाळ झालाय. मोसमाच्या पूजेला त्यांनी आत यावं." मामांनी घसा साफ केला. "आन् यंदाच्या जर्सींची ऑर्डर गेली. नऊ, दहा, अकरा."