डॉक्टरसाहेबांचं ऐकणं

पळसदेवला राहणाऱ्या डॉक्टरसाहेबांची हयात लष्करी दवाखान्यांत गेली. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, तरी टपरीवर कुणी वाकून बसलं की ओरडतात, "पाठ सरळ!" लढाईबद्दल विचारलं की मात्र चहा तसाच टाकून उठतात.

एका दुपारी मी नि साहेब चहा घेत असताना टपरीसमोर मोटरसायकल घसरली. एक जण रक्ताळलेला पाय धरून किंचाळत होता. दुसरा नुसता बसून म्हणाला, "मला काय न्हाय झालं." साहेबांनी त्याचा चेहरा पाहिला. मला म्हणाले, "त्याचा पाय दाबून धर, तो वाचेल," आणि स्वतः या दुसऱ्याचा हात हातात घेऊन खाली बसले.

"कुठं निघालात?"

"लासुर्ण्याला. घरी म्हस व्यायला झालीया, म्हणून…" एवढं बोलून त्याची मान साहेबांच्या खांद्यावर पडली.

साहेब हलले नाहीत. "मग?" त्यांनी हळूच विचारलं. कान त्याच्या तोंडाशी नेला आणि बराच वेळ "हं, हं" करत राहिले. शेवटी त्याचे डोळे मिटून म्हणाले, "याच्या घरी सांग, म्हैस विकू नका म्हणतोय."

मी हातभर अंतरावर होतो. त्याचे ओठ हललेही नव्हते.

तरी निरोप मी पोचवला. त्याची बायको म्हणाली, "इकायचं आमी दोघांनीच ठरवलं हुतं. तुमाला कुणी सांगितलं?"