मामांच्या खुणा

खूण केल्यावाचून या भूतलावरची एकही वस्तू सुटू नये, एवढ्या एकाच कामासाठी परमेश्वराने माझ्या मामेसासऱ्यांना जन्माला घातलं आहे, असं माझं ठाम मत आहे. मामेसासरे म्हणजे आमच्या हिचे सख्खे मामा. चिंचवडच्या एका कारखान्यात ते छत्तीस वर्षं तपासणी खात्यात होते. समोर आलेला सुटा भाग उचलायचा, डोळ्यांजवळ न्यायचा, उलटासुलटा करायचा आणि पसंत पडला तर त्यावर निळ्या पेनाने एक बारीक तिरकी रेघ ओढायची, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं, पण ते निळं पेन काही काढून घेतलं नाही. त्याची फळं आम्ही सगळे नातेवाईक आजवर भोगतो आहोत. नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत दुधाच्या पिशवीवर रेघ असते, औषधाच्या पाकिटावर रेघ असते, पेटीतल्या प्रत्येक आंब्याच्या देठाशी रेघ असते. रेघ नसलेला आंबा मामींनी चुकून कापला तर मामा तो खात नाहीत, खाल्ला तरी "हा कोणी पास केला?" असं विचारून खातात. मामी मोठ्या सोसणाऱ्या. त्या एकदा हिला म्हणाल्या, "लग्न झाल्यावर वर्षभर मला धाकधूक होती गं, की मी पसंत आहे याची खूण हे कुठे करतात म्हणून!"

आमच्या लग्नात पंगतीची व्यवस्था मामांकडे होती. जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा कोणी "जेवलात का?" विचारू नये, म्हणून त्यांनी दाराशी उभं राहून प्रत्येक पाहुण्याच्या मनगटावर पेनाने रेघ ओढली. माझ्या साहेबांच्याही ओढली. मी नवरदेव, मुंडावळ्या सावरत बाहेर आलो तर मलाही अडवलं. "हात पुढे करा जावईबापू. आपल्याला वेगळा नियम नाही." लग्नाच्या अल्बममध्ये सप्तपदीनंतरच्या सगळ्या फोटोंत माझ्या मनगटावर ती रेघ स्पष्ट दिसते.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझा खांदा धरला आणि व्यायाम म्हणून मी तिरंदाजी क्लबात जायला लागलो, तेव्हा मामा म्हणाले, "अहो, या वयात लोक गुडघ्यांना तेल लावतात. आपण धनुष्याला दोरी लावताय. चालू द्या." आमचा क्लब म्हणजे नदीकाठच्या एका शाळेचं मैदान, पेंढ्याचे सहा गठ्ठे, त्यांवर रंगीत वर्तुळांचे कागद आणि रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ एवढाच वेळ, कारण नऊला क्रिकेटवाले स्टंप ठोकतात. पेठांमधल्या शाळांतली मुलं-मुली फुकट शिकायला येतात आणि आम्ही मोठी माणसं आळीपाळीने गठ्ठे ओढतो, बाण शोधतो, पोरांच्या कोपरांना खोबरेल लावतो. शिकवणारी मुलगी चंद्रपूरकडची. आठवडाभर हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर बसते आणि रविवारी आमच्यावर ओरडून तो शीण घालवते.

एका रविवारी मामा गंमत बघायला म्हणून आले. तेवढ्यात एका मुलाचा बाण कागदावर आपटला, रुतलाच नाही, उलटा येऊन गवतात पडला. असं कधीकधी होतं. मुलगा म्हणाला, "नऊवर लागला होता!" दुसरा म्हणाला, "हॅट, सहावर!" कागदावर जुनी भोकं पन्नास, त्यातलं नवं कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येईना. मामा पुढे झाले आणि त्यांनी विचारलं, "आधीच्या भोकांवर खुणा कुठे आहेत?" शिकवणारी म्हणाली, "रूलबुकमध्ये आहे तसं, काका. प्रत्येक फेरीनंतर भोकापाशी रेघ मारायची, मग बिनरेघेचं भोक ते पडलेल्या बाणाचं. पण प्रॅक्टिसला एवढं कोण करतं?" मामा म्हणाले, "म्हणजे नियम ठाऊक आहे, पण पाळायचा नाही. छान. पुण्यात चांगल्या रुळलात आपण." आणि खिशातून निळं पेन निघालं. त्या दिवसापासून सहाही कागद मामांच्या ताब्यात गेले. धनुष्याला त्यांनी आजतागायत हात लावलेला नाही. कोणी आग्रह केलाच तर म्हणतात, "बाण तुम्ही मारा. मी भोकांचा माणूस आहे."

पेंढा आणायचं कामही मग त्यांच्या तपासणीखाली आलं. लोणी काळभोरच्या एका शेतकऱ्याकडून आम्ही टेम्पोभर पेंढा आणतो. पहिल्यांदा मामा सोबत आले आणि त्यांनी पेंढी-पेंढी सोडून, हुंगून, वाकवून बघायला सुरुवात केली. शेतकरी तासभर बांधावर बसून राहिला. शेवटी म्हणाला, "आवो पाव्हणं, पेंढा चांगलाच हाय. माझी गुरं बी एवढं बघून खात न्हाईत." मामांनी मान वर न करता उत्तर दिलं, "म्हणून ती गुरं आहेत." माझी पाचावर धारण बसली. पण तो गृहस्थ खो खो हसला आणि परतताना आमच्या टेम्पोत त्याने स्वतःच्या मळ्यातली मेथी टाकली. मामांनी तीही जुडी-जुडी तपासली.

या मामांच्या हाताखालून जी पोरं गेली त्यात सायमा सगळ्यात गुणी. कसबा पेठेत तिच्या वडिलांचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे. बाराव्या वर्षी आली तेव्हा धनुष्य तिच्याहून उंच होतं. वडील दर रविवारी स्वतः स्कूटरवरून सोडायला येत आणि मामांना सांगून जात, "मामा, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त पाठवतो." मामा मात्र कौतुकाच्या बाबतीत महाकंजूष. तिने एकदा तीन बाण लागोपाठ दहावर मारले, आम्ही टाळ्या पिटतोय, आणि मामा कागदापाशी वाकून म्हणतात, "हं. भोकं स्वच्छ पडली आहेत." सायमा हसून मला म्हणाली, "काका, आज मामा फारच खूश आहेत."

पण सांगायचं आहे ते निवड चाचणीचं. राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्यातून चार मुली निवडायच्या होत्या आणि चाचणी आमच्याच मैदानावर होती. आधीची दोन वर्षं सायमाचं थोडक्यात हुकलं होतं. पुढच्या वर्षी तिचा वयोगट संपणार, म्हणजे थेट मोठ्या बायकांशी गाठ. वडिलांनी प्रेमानेच पण स्पष्ट सांगितलं होतं, "यंदा झालं तर पुढे खेळ, बेटा. नाहीतर आता कॉलेजकडे बघ." त्यामुळे त्या सकाळी तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. पंच बाहेरून आले होते. बाकीची कामं आम्हा स्वयंसेवकांकडे. सायमाच्या कागदावर खुणा करायला अर्थातच मामा.

ती सुरेख खेळत होती. नऊ, नऊ, दहा, आठ असं चाललं होतं. शेवटून दुसऱ्या फेरीत मात्र एक बाण भलतीकडे गेला, निळ्या वर्तुळात. पाच गुण. मी शेजारच्या गठ्ठ्यातून बाण उपसत होतो, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मामा पेन उघडून वाकले होते. एरवी ते माणसाकडे बघतच नाहीत, भोकाकडे बघतात. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, त्यांनी मान वर केली. सायमा ओठ दाबून उभी होती आणि डोळे डबडबले होते. मामांनी पेनाला टोपण लावलं, ते खिशात टाकलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "अगं वेडे, पाच म्हणजे काय फाशी आहे का? माझ्या टेबलावरून छत्तीस वर्षांत काय काय वाकडं पास झालंय, सांगितलं तर कारखाना पेन्शन परत मागेल. पुढचा बघ." मला वाटलं, मामांना ताप आला आहे. सायमा रडता रडता हसली. तेवढ्यात शिट्टी वाजली, सगळे मागे फिरलो, आणि ते पाचाचं भोक बिनरेघेचं राहिलं. ते ना मामांच्या लक्षात आलं, ना माझ्या, ना आणखी कोणाच्या.

शेवटच्या फेरीत सायमाचा चौथा बाण कागदावर आपटला आणि उलटा फिरून गवतात पडला. तिने शांतपणे धनुष्य खाली घेतलं. तिला भीती नव्हतीच. मामांच्या कागदावर बिनरेघेचं भोक एकच सापडणार, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पंच गेले, वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. बिनरेघेची भोकं दोन होती. एक पिवळ्यात, नऊवर. एक निळ्यात, पाचावर.

"खुणा कोण करत होतं?" पंचांनी विचारलं.

"मी," मामा म्हणाले. तोवर त्यांना कळून चुकलं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"दोन भोकं खुणेवाचून असली तर कमी गुणांचं धरावं लागतं, आजोबा. नियमच आहे तसा."

आयुष्यभर ज्या माणसाने नियमासाठी नवरदेवालाही दारात अडवलं, त्याने त्या पंचांपुढे हात जोडले. "साहेब, ते पाचाचं भोक मागच्या फेरीतलं आहे हो. शपथेवर सांगतो. चूक माझी आहे, तिची नाही. काय शिक्षा करायची ती मला करा." पंच भले गृहस्थ होते. त्यांनाही वाईट वाटत होतं. ते म्हणाले, "आपलं खरंही असेल. पण कागदावर खूण नाही ना." हेच वाक्य मामा स्वतः छत्तीस वर्षं लोकांना ऐकवत आले होते. शेवटी सायमाच पुढे आली आणि त्यांचे जोडलेले हात तिने खाली केले. "मामा, राहू द्या ना," ती म्हणाली. "नियम आहे."

निकाल लागला. सायमा पाचवी आली, दोन गुणांनी.

त्यानंतर मामा मैदानावर यायचे बंद झाले. फोन उचलत नव्हते. चौथ्या आठवड्यात मामींचाच फोन आला. "जावईबापू, जरा येऊन जा हो. हे दुधाच्या पिशवीकडे ढुंकूनसुद्धा बघत नाहीत. मला काही बरं वाटत नाही." त्या माउलीने जन्मभर ज्या रेघांना नावं ठेवली, त्या नाहीत म्हणून तिला आता रडू येत होतं. मी सायमाला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं नारायण पेठेत गेलो. मामा खिडकीपाशी बसले होते, दाढी वाढलेली. सायमाला बघून उठायला लागले तर तिने त्यांना बसवलं.

"वडील काय म्हणाले?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"अब्बू म्हणाले, माझ्या हातूनही एखादी किल्ली बिघडते. म्हणून गिऱ्हाईक काही मला दुकान बंद कर म्हणत नाही." मग ती म्हणाली, "मामा, तुम्ही तेव्हा बोलला नसतात ना, तर मी तिथेच धनुष्य ठेवून घरी गेले असते. खरंच. पुढचे बाण मी तुमच्यामुळे मारले."

मामा म्हणाले, "म्हणजे मी बोललो म्हणून तू खेळलीस, आणि बोललो म्हणूनच हरलीस."

"हो," सायमा म्हणाली.

तिने गुळमुळीत काही बोलून त्यांची समजूत घातली नाही, हे फार बरं झालं. घातली असती तर मामांनी ती नापास केली असती. त्यांनी चष्मा काढून पुसला, डोळ्यांना लावला, पुन्हा काढून पुसला. मामींनी चहा आणला. पुढच्या रविवारी सव्वासहालाच मामा मैदानावर हजर होते.

याला आता दोन वर्षं होतील. सायमाने वडिलांचं ऐकलं, कॉलेजकडे बघितलं; कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पण रविवार काही सोडला नाही. लहान मुलींना तीच शिकवते आणि शेवटचा अर्धा तास स्वतः बाण मारते, मोठ्यांच्या गटासाठी. अजून कुठे निवड झालेली नाही. मामा मात्र पार बिघडले आहेत. बाण चुकलेलं पोर दिसलं की खुणा अर्ध्यावर सोडून त्याच्याशी गप्पा मारत बसतात, कारखान्यात काय काय वाकडं पास झालं त्याच्या गोष्टी सांगतात. त्यात मोतीबिंदू. हातही आताशा जरा कापतो. साहजिकच खुणा राहतात. आणि मी बघतो, मामा एका गठ्ठ्यावरून दुसऱ्या गठ्ठ्याकडे सरकले की सायमा हळूच त्यांच्या मागून जाते आणि राहिलेल्या भोकांपाशी तशीच बारीक तिरकी रेघ ओढते.

मागच्या रविवारी मला राहवलं नाही. गठ्ठे उचलताना मी म्हटलं, "मामा, आता ते डोळ्यांचं ऑपरेशन करून टाका बघू. पाच-सहा खुणा राहतात दर रविवारी. सायमा मागून पुऱ्या करते, तुम्हाला पत्ताही नसतो."

लांब पलीकडे सायमा एका चिमुरडीचा कोपर सरळ करत होती, तिकडे मामांनी बघितलं.

"एखाददुसरं भोक मी मुद्दाम बिनरेघेचं ठेवतो हो, जावईबापू," ते म्हणाले. "सगळ्या खुणा मीच पुऱ्या केल्या, तर ती माझ्या मागे यायची कशाला?"

एखाददुसरं मुद्दाम राहतं आणि बाकीची कशाने राहतात, हे मी विचारलं नाही. आम्ही दोघांनी मिळून गठ्ठा उचलला. क्रिकेटवाले आले होते.