मोटारीच्या कपाळी कुंकू

सांगतो, सांगतो! पण आधी हातातला चहा संपवा. मागे एकाला हे सांगत होतो, तर त्याने ऐन घोटाला हसून सगळा चहा माझ्याच सदऱ्यावर उडवला. स्वतःच्या लग्नात माणूस गडबडतो, ठीक आहे. पण किती गडबडावं? माझ्यासारखा नवरदेव अख्ख्या रेवस बंदराने पाहिला नसेल!

त्या काळी आमची होडी रेवसहून खाडीपार करंज्याला उतारू न्यायची. शिडाची होडी. बा सुकाणूवर, मी शिडाला. अशात कळलं, किहीमच्या बंगल्यातला कोणी मुंबईकर साहेब आपली जुनी मोटार विकतोय. चाकांची नव्हे हो! होडीच्या मागे लटकवायची मोटार. वर तेलाची टाकी, खाली पाण्यात पंखा. दोरी गुंडाळायची आणि जोरात ओढायची, बस्स! मी काय थांबतो? घेऊन आलो. आमच्या होडीची मागची बाजू निमुळती, तिला ती बसेना, म्हणून आडवी फळी ठोकली.

बा म्हणाला, "वारा फुकट मिळतोय, त्यो सोडून ह्ये बांडगूळ कशाला रं?"

"बा, वाऱ्याला वेळ कळते काय? मोटार म्हणजे टायमाचं काम!"

हे वाक्य ध्यानात ठेवा. बा तर कधीच विसरला नाही.

आता मला सांगा, पूजा केल्याशिवाय आपण होडी पाण्यात लोटतो का? मग मोटार कशी लोटायची? टाकीच्या वर गोल झाकण होतं आणि झाकणाच्या बरोब्बर मधे एक बारीक भोक. मला तर कौतुकच वाटलं. विलायतेत टिळ्याची जागासुद्धा आखून देतात! लावलं कुंकू. पण लाटांच्या पाण्याने ते धुऊन जायला लागलं! मोटारीचं कपाळ पांढरं? छे छे! मग बायका लावतात तसं आईच्या करंड्यातलं मेण घेतलं, भोकावर चांगलं दाबून बसवलं आणि वर कुंकू रेखलं. काय देखणी दिसली म्हणता!

आणि तिथून तिचं दुखणं सुरू झालं.

धक्क्यावर दोरी ओढली की वाघिणीसारखी गुरगुरायची. खाडीच्या मध्यावर गेलं की दोनदा खोकायची आणि गप्प! बा वल्ही हातात घ्यायचा. वल्ह्यांचा तो आवाज फार लागायचा हो.

मी ठरवलं, प्लग गेला. माणगावला उतारूंची एक मोडकी सर्व्हिस मोटार उभी होती, तिचा प्लग काढून आणला. तेल भरलं, दोरी ओढली, सुरू! "बघ बा!" म्हटलं. नव्या प्लगाची पूजा केली, आणखी मेण, आणखी कुंकू. खाडीच्या मध्यावर गप्प!

मग ठरवलं, प्लगाला ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो गेला. बोटीने मुंबई गाठली. भंगारबाजारातल्या शेठने माझा जुना तुकडा उलटासुलटा करून पाहिला.

"भाई, आ मोटर तो हवे विलायतमां बी नथी मलती! क्यांथी लाव्यो?"

"किहीमहून."

"तो किहीममां ज शोध ने!"

म्हणे, विलायतेतसुद्धा मिळत नाही, किहीमलाच शोध! पण मी हटतो काय? त्याच्या ढिगात दुपारभर उकरून मॅग्नेटो काढलाच. मग पिस्टन आला, त्याच्या रिंगा आल्या. मग पंखा आला. दर वेळी नवा भाग, दर वेळी पूजा, दर वेळी नव्याने मेण. टाकीच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ तयार झालं! घरात जुन्या भागांचं पोतं भरलं. आई त्यातल्या पिस्टनने लसूण ठेचायला लागली.

याच काळात करंज्याच्या एका तांडेलाने, मोठ्या होडीच्या म्होरक्याने, आपली लेक चंद्री मला देऊ केली. का? तर जावई मोटारवाला! सगळीकडे सांगत सुटला, "आमचा नवरदेव मोटारीनं येनार!" आता शिडाने गेलो तर नाक कुठे ठेवायचं?

लग्नाचा दिवस उजाडला. बा म्हणाला, "शीड तरी घे संगती."

"शीड? मोटारीच्या होडीत शीड? लोक काय म्हणतील?"

वऱ्हाड शिडाच्या होड्यांत बसलं. मोटारीच्या होडीत मी, बा आणि आत्या. मोटारीला झेंडूचा हार, अक्षता आणि कपाळावर कुंकवाचा डोंगर. धाड धाड करत आम्ही सगळ्यांच्या पुढे! मी उभा राहून वऱ्हाडाला हात दाखवला.

खाडीच्या मध्यावर दोनदा खोकली आणि गप्प!

ओहोटी लागलेली. होडी चालली समुद्राकडे. वऱ्हाड वारा भरून बाजूने पुढे गेलं. त्यातून कोणीतरी ओरडलं, "आरं, नवरदेव मुंबईला चालला!"

समोर करंज्याचा मांडव दिसतोय, वाजंत्री ऐकू येतायत, आणि माझं लग्न हळूहळू उजवीकडे सरकतंय! बा वल्ही मारून घामाघूम. मी प्लग काढतोय, पुसतोय, लावतोय, दोरी ओढतोय. मुंडावळ्या दोरीत अडकल्या!

"टायमाचं काम, न्हाय का रं?" बा म्हणाला. मला रडू फुटायचंच बाकी होतं. मुहूर्त टळला तर तो तांडेल मला पोरगी देणार होता थोडीच?

आत्याने हात जोडले. "खाडी कोपलीय. तिला हळदीकुंकू वाहाया पायजे." पण करंडा गेलेला वऱ्हाडाच्या होडीत! मग आत्याने अंबाड्यातला आकडा काढला आणि टाकीवरचा कुंकवाचा डोंगर खरवडून खाडीला वाहिला. टाकीतून सूऽऽ असा आवाज आला. मी दोरी ओढली आणि धाड धाड धाड!

"खाडी पावली गं बाय!" आत्याने डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला सांगू?

अक्षता वेळेवर पडल्या. परत निघताना मी काय केलं असेल? ओळखलंत ना? मोटारीचे उपकार फेडायला सासूबाईंकडून मेण मागून घेतलं आणि ठसठशीत कुंकू लावलं! शेजारी नवी नवरी, मागे मोटार. खाडीच्या मध्यावर दोनदा खोकली...

बाने वल्ही उचलली. चंद्रीने मात्र आत्याला विचारलं, "आत्याबाय, सकाळी बंद पडून परत चालू झाली तवा तुमी काय केलं व्हतं?"

"कुंकू खरवडून खाडीला वाहिलं."

चंद्री उठली. बोटाने मेण उकरलं. सूऽऽ! तिने वाकून भोक पाहिलं आणि मला विचारलं, "ह्ये कशाला हाय?"

"टिळ्यासाठी," मी म्हणालो. अगदी ठामपणे म्हणालो हो!

"शहाळ्याला एकच भोक पाडलं तर पानी नीट गळतं काय? वारा आत जायाला दुसरं पाडाया लागतं ना? तुमी तेच बुजवून बसलाव!"

मी दोरी ओढली. पहिल्याच ओढीला मोटार सुरू. बाने वल्ही खाली ठेवली आणि पोट धरून हसत बसला. माझ्या डोळ्यांसमोर ते भंगाराचं पोतं उभं राहिलं. जुना प्लग, जुना मॅग्नेटो, लसूण ठेचणारा पिस्टन, सगळे बिचारे निर्दोष!

चंद्रीच्या बोटाला मेणकुंकू तसंच होतं. तिने ते माझ्या कपाळाच्या मधोमध दाबून लावलं आणि म्हणाली,

"लावायचं तर हितं लावीत जावा. हितलं भोक बुजलं तरी काय बंद पडायचं न्हाय!"