विटी बैलाच्या शिंगाला लागली

मंडळी, तालमीच्या फळ्यावर आज सुविचार न्हाय. लिवायला दुसरी जागा न्हाय म्हणून हितं लिवतोय.

सकाळी माळावर कोऱ्हाळ्याच्या गड्यांशी विटीदांडू रंगला हुता. माझा शेवटचा टोला सणसणीत बसला, आन् विटी मधीच आलेल्या बैलाच्या शिंगाला लागून पडली.

पंच तात्या म्हणाले, "जनावर आडवं आलं. टोला परत मार."

मी विटी गलीच्या खाचेवर ठेवायला वाकलो. तात्या हळूच म्हणाले, "बैलं माझीच हायेत. माळाला कालव्याचं पाणी आलंय, ऊस लावायचाय."

मग त्यांनीच नांगर धरला. नांगराच्या पयल्याच तासात, एका रेघेतच, गल बुजली.

निकाल बरोबर हुता, मंडळी. पर टोला परत मारायचा कुठं?